संशय येणे आणि संशय घेणे : 'हिगुराशी'मधील एक नैतिक प्रश्न

१

रहस्यकथेच्या वाचकाला कथेत पाऊल टाकताक्षणीच एक परवाना मिळालेला असतो. कथेतील कोणत्याही पात्राविषयी त्याने कोणताही संशय घ्यावा, आणि तो खोटा ठरला तरी त्याची जबाबदारी त्याच्यावर येणार नाही, असा हा परवाना आहे. शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो, तोवर वाचकाने चार-पाच निरपराध पात्रांना मनोमन फासावर चढवलेले असते. पुस्तक मिटताना त्यांच्याविषयी त्याला काहीच वाटत नाही. त्यांची क्षमा मागावी हा विचार तर त्याच्या मनाला शिवतही नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना असे दाखवून दिले की, या कथेत मुळात दोन कथा असतात. एक गुन्ह्याची कथा, जी आधीच घडून गेलेली असते. आणि दुसरी तपासाची कथा, जी वाचकासमोर उलगडते. वाचकाचा संशय या दोहोंपैकी कोणत्याच कथेत घटना म्हणून नोंदला जात नाही. तो कथेच्या बाहेर राहतो, आणि बाहेर राहतो म्हणूनच निष्पाप राहतो.

'हिगुराशी नो नाकु कोरो नि' या जपानी कलाकृतीचे वेगळेपण असे की, तिने हा कथेबाहेरचा संशय कथेच्या आत आणून ठेवला आणि त्यालाच हत्येचे शस्त्र बनवले. त्यामुळे रहस्यकथेच्या चौकटीत सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न येथे अटळ होऊन बसतो. दुसऱ्याविषयी संशय घेणे ही केवळ ज्ञानप्रक्रियेतील एक पायरी आहे, की ती स्वतःच एक कृती आहे, जिच्याबद्दल कर्त्याला उत्तरदायी धरता येते?

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कलाकृतीचे रूप नीट ध्यानात घ्यायला हवे. शीर्षकाचा अर्थ साधारणपणे 'हिगुराशी ओरडू लागतात तेव्हा' असा होतो. हिगुराशी हा सांजसकाळी झाडांवरून किरकिरणारा सिकाडा जातीचा कीटक. र्युकिशी झिरोसेव्हन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने आपल्या 'सेव्हन्थ एक्स्पान्शन' या हौशी मंडळातर्फे ऑगस्ट २००२ मध्ये तिचा पहिला भाग तोक्योच्या 'कॉमिक मार्केट'मध्ये विक्रीस ठेवला आणि ऑगस्ट २००६ मध्ये आठवा भाग काढून ती पूर्ण केली. पहिले चार भाग प्रश्नांचे, नंतरचे चार उत्तरांचे. तिचा प्रकार 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणजे दृश्यकादंबरीचा. संगणकाच्या पडद्यावर पार्श्वभूमी, पात्रांची चित्रे, ध्वनी आणि त्यांवर उमटत जाणारा मजकूर, असे तिचे स्वरूप असते. या प्रकारात सामान्यतः वाचकाला ठरावीक टप्प्यांवर पर्याय दिले जातात आणि त्याच्या निवडीप्रमाणे कथेला फाटे फुटतात. 'हिगुराशी'मध्ये मात्र असा एकही पर्याय नाही. वाचकाने फक्त वाचायचे आणि तर्क करायचा. फाटे आहेत, पण ते वाचकाने निवडलेले नाहीत; एकाच खेड्यातला, एकाच १९८३ सालातला जून महिना प्रत्येक भागात पुन्हा सुरू होतो आणि दर वेळी वेगळ्या मार्गाने विनाशाकडे जातो. वाचकाच्या हाती एकच कृती उरते, आणि ती संशयाची.

स्टुडिओ दीनने कोन चिआकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेली २६ भागांची ॲनिमे मालिका एप्रिल ते सप्टेंबर २००६ मध्ये प्रसारित झाली. म्हणजे मूळ कादंबरीचा शेवट वाचकांच्या हाती येण्याआधीच तिचे दृश्यरूपांतर सुरू झाले होते. पुढील २४ भागांची 'काई' ही मालिका २००७ सालची. त्यात उत्तरे पूर्ण होतात.

कथेचे स्थळ हिनामिझावा हे डोंगरातले काल्पनिक खेडे. त्याचे चित्रण गिफू प्रांतातील शिराकावा या खऱ्या गावावरून केलेले आहे. तेथील उतरत्या गवती छपरांची घरे १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच खोऱ्यात १९६१ साली मिबोरो धरण पूर्ण झाले आणि काही वस्त्या पाण्याखाली गेल्या. कथेतील हिनामिझावानेही धरणाविरुद्ध लढा देऊन तो जिंकलेला आहे. १९७९ साली धरणाच्या कामावरील प्रमुखाचा खून होतो, आणि तेव्हापासून दरवर्षी ग्रामदैवताच्या उत्सवाच्या रात्री एक माणूस मरतो व एक नाहीसा होतो. ओयाशिरो-सामा या देवाचा हा शाप, असे गाव म्हणते. गावातील बड्या घराण्याचे हे कारस्थान, असे पोलीस म्हणतात.

शापित गावाची ही परंपरा जपानी रहस्यकथेला नवी नाही. १९३८ साली ओकायामा प्रांतातील एका खेड्यात एका तरुणाने एका रात्रीत ३० जणांना ठार केले होते. योकोमिझो सेइशी यांच्या 'यात्सुहाकामुरा' या युद्धोत्तर कादंबरीवर त्या घटनेची छाया आहे. पण योकोमिझोंच्या जगात बाहेरून आलेला डिटेक्टिव्ह शापाचे जाळे दूर करून त्यामागचा माणूस दाखवतो. हिनामिझावात बाहेरून आलेला मुलगा तपास करू लागतो आणि स्वतःच खुनी होतो. परंपरेशी असलेले नाते आणि तिच्याशी घेतलेली फारकत या एका उलटापालटीत सामावलेली आहे.

३

पहिल्या भागाचा, 'ओनिकाकुशी'चा, निवेदक केइइची माएबारा हा शहरातून नुकताच गावात आलेला शाळकरी मुलगा. रेना, मिओन, सातोको व रिका या मैत्रिणींच्या खेळकर कंपूत तो रमतो. मग एका परक्या छायाचित्रकाराकडून त्याला जुन्या खुनाविषयी कळते. तो मैत्रिणींना विचारतो. त्या तसे काही घडलेच नाही म्हणतात. उत्सवाच्या रात्री तो छायाचित्रकार स्वतःचाच गळा ओरबाडून मरतो. ओइशी नावाचा पोलीस अधिकारी केइइचीला गाठून सांगतो की, या सर्व मृत्यूंशी त्याच्या मैत्रिणींचा कुठे ना कुठे संबंध आहे. येथून पुढे प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्थ येऊ लागतो. त्यांनी आणून दिलेल्या ओहागीत, म्हणजे भाताच्या गोड गोळ्यात, त्याला सुई सापडते. त्याला भेटायला आलेल्या मिओनच्या हातात त्याला इंजेक्शनची सिरिंज दिसते. तो बॅटने दोघी मैत्रिणींना ठार करतो आणि टेलिफोनच्या बूथमध्ये स्वतःचाच गळा ओरबाडून मरतो.

उत्तरांच्या भागात कळते ते असे : सुई नव्हतीच, थट्टेने घातलेला तिखट सॉस होता, सिरिंज नव्हती, खेळात हरलेल्याच्या अंगावर रेघोट्या ओढायचे मार्कर पेन होते. आणि मैत्रिणी खोटे बोलल्या, कारण नव्याने आलेल्या मित्राने गावाला भिऊ नये अशी त्यांची इच्छा होती.

अविश्वसनीय निवेदकाचे जे उदाहरण रहस्यकथेच्या चर्चेत नेहमी दिले जाते, ते अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'चे. तेथील निवेदक लबाड आहे. त्याला ठाऊक असलेली गोष्ट तो वाचकापासून लपवतो. केइइची काहीही लपवत नाही. त्याला जे दिसले तेच तो सांगतो आणि मरणापूर्वी चिठ्ठीत तेच लिहून ठेवतो. त्याचे निवेदन पूर्णतः प्रामाणिक आहे आणि जवळजवळ पूर्णतः असत्य आहे. प्रामाणिकपणा ही सत्याची हमी असते, हा आत्मनिवेदनात्मक साहित्याचा जो मूलभूत करार, तोच येथे मोडतो.

ॲनिमेच्या माध्यमात ही गोष्ट अधिक बिकट होते. कादंबरीत 'मी' बोलत असतो, तेव्हा ते एका माणसाचे म्हणणे आहे याचे भान वाचकाला निदान व्याकरण तरी देते. चित्रपटात आणि ॲनिमेत प्रतिमेला प्रथमपुरुषी क्रियापद नसते. ओहागीतली सुई पडद्यावर दिसते, आणि जे दिसले ते आहे असे प्रेक्षक गृहीत धरतो. रेनाचे डोळे अचानक विस्फारतात, चेहरा हिंस्र होतो, आवाज बदलतो. हा बदल तिच्यात झाला की पाहणाऱ्याच्या नजरेत, हे प्रतिमा सांगत नाही. हे चार भाग प्रथम पाहणारा प्रेक्षक केइइचीच्या बाजूने उभा असतो. बॅट उगारली जाते तेव्हा त्याला भीती मैत्रिणींची वाटत असते. तो हत्येला मूक संमती देऊन बसला आहे, हे त्याला फार उशिरा उमगते.

४

मराठी भाषेत या ठिकाणी उपयोगी पडेल असा एक सूक्ष्म भेद आहे. संशय 'येतो' आणि संशय 'घेतला' जातो. येणारा संशय हा ताप येण्यासारखा. तो येण्यात कर्त्याचा हात नसतो. घेतलेला संशय मात्र सकर्मक आहे. तो कुणीतरी कुणावर तरी घेतो. 'त्याला तिचा संशय आला' या वाक्यात दोष कुणाचाच नाही. 'त्याने तिच्यावर संशय घेतला' या वाक्यात तक्रार आहे, आणि ती घेणाऱ्याविषयी आहे.

न्यायदर्शनाने हाच भेद ज्ञानमीमांसेच्या अंगाने पाहिला आहे. सोळा पदार्थांत संशयाला स्थान आहे, आणि ते मानाचे आहे. संशय नसेल तर विचाराला प्रारंभच नाही. पण न्यायाचा संशय उभयकोटिक असतो. दूरवर काहीतरी उभे आहे. ते खांब आहे की माणूस, हे कळत नाही. दोन्ही कोटी मनात समबळ राहतात आणि विशेष धर्माच्या शोधात मन पुढे सरकते. दोरीच्या जागी साप दिसणे हा मात्र संशय नव्हे. तो विपर्यय, म्हणजे अयथार्थ निश्चय आहे. या दृष्टीने पाहिल्यास केइइचीचा अपराध त्याला संशय आला हा नाही, तर त्याचा संशय फार लवकर संपला हा आहे. मैत्रिणी मला मारू पाहत आहेत, की माझी काळजी घेत आहेत, यांपैकी दुसरी कोटी त्याने सोडून दिली. रेनाचे दार वाजवणे, तिने जेवण घेऊन येणे, तिचे रडणे, हे सारे त्याच्या लेखी एकाच कोटीचे पुरावे ठरत गेले. ज्याला आपण संशयी माणूस म्हणतो, तो वस्तुतः संशय न उरलेला माणूस असतो.

'मेआकाशी' या भागात हे अधिक निर्घृणपणे येते. शिऑनचा प्रिय सातोशी नाहीसा झालेला आहे. तो मारला गेला आणि मारणारे अमुक आहेत, असा निश्चय करून ती एकेकाचा सूड घेते. त्यात सातोशीची धाकटी बहीण सातोको हिचाही बळी जातो. सातोशीने मात्र जाताना तिच्याकडे एकच मागणे केले होते, सातोकोला सांभाळ. ते तिला आठवते तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. आणि सातोशी मेलेलाही नसतो. तिची तर्कसाखळी बिनतोड होती. तिच्यात एकाच गोष्टीला जागा नव्हती, आपण चुकत असू या शक्यतेला.

अशा साखळ्या वाचकालाही प्रिय असतात. पाच वर्षे, पाच उत्सव, दर वेळी एक मृत व एक बेपत्ता. एवढी सुबक आवर्तने दिसल्यावर त्यांमागे एकच हात असणार, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात या घटना वेगवेगळ्या हातून, वेगवेगळ्या कारणांनी घडलेल्या आहेत. मजुरांची मारामारी, एका मुलीची भयग्रस्त कृती, एका भावाचा उद्रेक, आणि त्यांचा फायदा घेणारी एक संशोधक स्त्री. सूत्र होते ते प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या मनात. आशयातील एकसूत्रीपणा हे कलाकृतीचे मूल्य मानण्याची समीक्षेला सवय आहे. तोच निकष माणसांच्या जगण्याला लावला की कारस्थाने दिसू लागतात.

५

सहाव्या भागात, 'त्सुमिहोरोबोशी'त, कथा आपल्या मुख्य नैतिक प्रसंगाशी येते. या फेरीत संशयाने ग्रासली आहे ती रेना. केइइचीला या वेळी काहीच झालेले नाही. या जगात त्याने कुणालाही मारलेले नाही. तरीही एका क्षणी त्याला दुसऱ्या जगातली आपली कृती आठवते. ज्या मैत्रिणी समोर जिवंत उभ्या आहेत त्यांना आपण मारले होते, आणि त्या शेवटपर्यंत आपल्याला वाचवू पाहत होत्या, हे त्याला कळते. तो रडतो आणि क्षमा मागतो.

ही क्षमायाचना कशाबद्दल आहे? कायद्याच्या दृष्टीने गुन्हा घडलेला नाही. बळी पडलेल्यांना त्याची आठवण नाही. बर्नर्ड विल्यम्स यांनी १९७६ साली 'नैतिक दैवा'ची चर्चा करताना ट्रकचालकाचे उदाहरण दिले होते. काहीही चूक नसताना ज्याच्या वाहनाखाली मूल येते, त्या चालकाला होणारे दुःख हे बघ्यांच्या दुःखाहून वेगळे असते आणि ते वेगळे असणेच योग्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. केइइचीची अवस्था याच्या उलट टोकाला आहे. चालकाच्या बाबतीत कृती घडली, पण दोष नव्हता. केइइचीच्या बाबतीत या जगात कृती घडली नाही, पण ती करू शकणारा माणूस तोच आहे. तो क्षमा मागतो ती घडलेल्या हत्येची कमी, आणि आपल्या आत असलेल्या त्या शक्यतेची अधिक. मूळ कादंबरीत याला आणखी एक पदर आहे. शहरात असताना त्याने खेळण्यातल्या बंदुकीने लहान मुलांना जखमी केले होते, आणि ही गोष्ट त्याने मैत्रिणींना कधीच सांगितली नव्हती. ज्या लपवाछपवीबद्दल त्याने त्यांना दोषी ठरवले होते, ती त्याने स्वतःही केली होती.

रहस्यकथेच्या वाचकाला जो परवाना मिळतो, तो या प्रसंगात रद्द होतो. वाचकानेही चार भागांत या मुलींना मनोमन दोषी ठरवले आहे. त्याच्याही जगात काही घडलेले नाही. त्याचाही अपराध केवळ शक्यतेच्या पातळीवरचा आहे. केइइची क्षमा मागतो तेव्हा रहस्यकथेच्या बाहेर उभा असलेला हा निष्पाप साक्षीदार प्रथमच आरोपीच्या पिंजऱ्यात येतो.

६

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो कलाकृतीतूनच उभा राहतो. शेवटी असे उघड होते की, हिनामिझावात एक स्थानिक रोग आहे. मनावर ताण आला की तो बळावतो, रोग्याला सर्वत्र शत्रू दिसू लागतात आणि अखेरीस तो स्वतःचा गळा ओरबाडतो. संशय जर रोगजंतूंचा खेळ असेल, तर तो 'आला', 'घेतला' नाही. मग जबाबदारी कुणाची? रहस्याची उकल करण्यासाठी लेखकाने नैतिक प्रश्नाला वैद्यकीय पळवाट काढून दिली, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

आक्षेप अर्धा खरा आहे. पण रोग असलेले हे गाव निरोगी असतानाही संशय घेतच होते, ही बाब त्यातून सुटते. धरणाला पाठिंबा दिला म्हणून होजो कुटुंबाला गावाने वाळीत टाकले आहे. आई-वडील गेल्यावरही तो बहिष्कार सातोकोच्या वाट्याला येतो. काका तिचा छळ करतो तेव्हा गाव नजर वळवते. येथे कोणताही जंतू नाही. 'तातारिगोरोशी'त केइइची तिला सोडवण्यासाठी काकाचा खून करतो आणि त्यातून कुणाचीही सुटका होत नाही. 'मिनागोरोशी'त तोच मुलगा वेगळे काही करतो. तो मित्रांना, मग शेजाऱ्यांना, मग गावातील मातबरांना बरोबर घेऊन बालकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढतो; लोक घरोघरी एकमेकांना पटवतात आणि बहिष्कार मोडतो. या प्रदीर्घ, काहीशा कंटाळवाण्या, अर्ज-विनंत्यांच्या प्रसंगांना रहस्यकथेच्या गणितात स्थान नाही. नैतिक गणितात ते केंद्रस्थानी आहेत, कारण घेतलेला संशय परत करता येतो, हे त्यांतून दिसते.

कलाकृतीबाहेरही याचा एक पडसाद उमटला. सप्टेंबर २००७ मध्ये क्योतो प्रांतात एका अल्पवयीन मुलीकडून कुऱ्हाडीने वडिलांची हत्या झाल्यानंतर काही वाहिन्यांनी 'काई'चे प्रसारण थांबवले. दुसऱ्या एका दृश्यकादंबरीवर बेतलेल्या 'स्कूल डेज' मालिकेचा शेवटचा भागही ठरल्या वेळी दाखवला गेला नाही. शोकाच्या काळातला संयम म्हणून त्याकडे पाहता येईल. पण घटनेला सूत्र हवे, आणि जवळात जवळचे सूत्र हाती लागले की दुसरी कोटी सोडून द्यायची, ही 'हिगुराशी'ने दाखवलेली रीत त्यात ओळखू येते.

७

मग 'विश्वास ठेवा' एवढाच या कृतीचा बोध आहे काय? तसे असते तर ती बोधकथा ठरली असती. २००० च्या दशकातील मालिका काही अंशी तसे सुचवतातही. पण २०२० साली आलेल्या 'गोऊ' या मालिकेने हा बोधच कसोटीला लावला. तीत केइइची आपला जुना धडा अर्धवट आठवून रेनावर विश्वास टाकतो, तिला घरात घेतो, आणि ती त्याच्यावर सुरीने वार करते. जुन्या प्रेक्षकाला हा विश्वासघात वाटला. कलाकृतीने त्याला शिकवलेलीच गोष्ट कलाकृतीने खोटी पाडली होती.

तरीही येथे प्रश्न रद्द होत नाही, तो स्वच्छ होतो. विश्वास हा भाकिताचा प्रकार असेल, तर तो बरोबर वा चूक ठरेल आणि त्याचे मूल्य निकालावर अवलंबून राहील. पण केइइचीने दार उघडले ते रेना निरुपद्रवी आहे असे सिद्ध झाले म्हणून नव्हे. तिच्याविषयीची दुसरी कोटी बंद करायची नाही, असे त्याने ठरवले म्हणून. वार झाल्याने त्याचे भाकीत चुकले, त्याची कृती चुकीची ठरली नाही. 'ओनिकाकुशी'तील केइइची जगला असता तरी चूकच ठरला असता. 'गोऊ'तील केइइची मेला असता तरी चूक ठरला नसता.

या विवेचनाचा रोख अखेरीस समीक्षेकडेही वळतो. पॉल रिकर यांनी मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाचे आचार्य म्हटले, आणि गेल्या अर्धशतकातील साहित्यविचार बऱ्याच अंशी त्यांच्या शाळेत वाढला. संहिता जे म्हणते त्यामागे ती काय लपवते, हे पाहण्याची नजर त्याने दिली. जात, वर्ग आणि लिंगभाव यांच्या दडवलेल्या खुणा त्याच नजरेने उघड केल्या. ते श्रेय नाकारता येणार नाही. पण जेथे प्रत्येक गोड पदार्थात सुईच सापडते, ते वाचन उभयकोटिक राहिलेले नसते. उत्तर आधी ठरलेले असते आणि पुरावे मागाहून गोळा होतात. समीक्षकाला संशय येणे हे त्याच्या व्यवसायाचे पहिले लक्षण आहे. तो घेताना समोरच्या संहितेला, आणि तिच्यामागच्या माणसाला, निर्दोष असण्याची जागा त्याने किती वेळ मोकळी ठेवली, हे विचारण्याचा अधिकार मात्र वाचकाकडे राहायला हवा.